पाच जणांचे कान

"काका, छत्तीस नंबर शीळ घालतेय," स्वरूपा गमरेने गॅरेजच्या दारातूनच सांगितलं.

विश्राम खेतले एका गाडीखालून सरकत बाहेर आले. सह्यघाट प्रवासी सहकारी संस्थेच्या चिपळूणच्या गॅरेजचे ते प्रमुख. वय त्रेसष्ट. स्वरूपा त्याच संस्थेची ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षांची ही मुलगी चार वर्षं चिपळूण–कराड मार्गावर विजेवर चालणारी वीस आसनी बस चालवत होती आणि या चार वर्षांत तिने दोनदा तक्रार केली होती. दोन्ही वेळा ती खरी निघाली होती.

"कधी घालते?"

"घाट उतरताना. कोयनानगरला चार्जिंग करून निघालं, की पहिल्या चार-पाच वळणांवर. ब्रेकवर नुसता पाय टेकवला की सुरू होते. जरा जोर दिला की बंद."

"ठकठक आहे? खरखर?"

"नाही हो. शीळ. डासासारखी बारीक. काच खाली केली की जास्त येते."

विश्रामरावांनी भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. छत्तीस क्रमांकापुढे हिरवा ठिपका होता.

"कर्णिका तर म्हणतेय, गाडी ठीक आहे."

"कर्णिका म्हणतेय हो. मी वेगळं म्हणतेय."

कर्णिका येऊन अकरा वर्षं झाली होती. बोराएवढं यंत्र, प्रत्येक चाकाशी एक, सुकाणूच्या दांड्याशी एक. चाकातून, ब्रेकमधून, स्प्रिंगांतून येणारी सगळी कंपनं ते ऐकायचं आणि आपल्याजवळच्या लाखो आवाजांशी ताडून पाहायचं. खड्ड्यात गेल्यावर 'ठक' आलं तर बॉल जॉइंट सैल झालाय, वळताना 'कटकट' आली तर सांध्यातला रबरी बुश फाटलाय, वेगाबरोबर वाढणारी घरघर असेल तर बेअरिंग. जुन्या मेकॅनिकला जे तीस वर्षांनी कळायचं, ते कर्णिकेला क्षणात कळायचं. दोष दिसला की ठिपका लाल व्हायचा आणि लाल ठिपक्याची गाडी सुरूच व्हायची नाही. राज्यात ब्रेक किंवा सस्पेन्शन निकामी होऊन होणारे अपघात जवळजवळ थांबले होते. लोकांचा विश्वास बसला होता, आणि तो फुकट बसलेला नव्हता.

त्यामुळेच पुढे कायदा आला. हिरव्या ठिपक्याच्या गाडीचं चाक कुणी उगाच उघडायचं नाही. पूर्वी गॅरेजवाले नसलेले दोष काढून लोकांना लुबाडायचे, ते बंद व्हावं म्हणून प्रत्येक चाकाला सील आलं. सील तोडलं आणि आत काही निघालं नाही, तर मेकॅनिकचा परवाना स्थगित. पुन्हा तेच केलं, तर कायमचा रद्द.

कर्णिकेला शिकवलं होतं पाच माणसांनी. पुण्याच्या 'नादवेध' कंपनीने राज्यभरातून नावाजलेले पाच मेकॅनिक निवडले आणि चौदा महिने त्यांना कानाला हेडफोन लावून बसवलं. एकेक आवाज वाजायचा. त्यांनी सांगायचं: दोष आहे की नाही, असेल तर कुठला. ज्या गाडीत ते दोष सांगायचे, ती उघडून खात्री केली जायची. अशा एक्केचाळीस हजार नोंदी झाल्या. त्या पाचांत चिपळूणचे विश्राम खेतले होते. कंपनीच्या प्रवेशदालनात अजून त्यांचा फोटो होता. त्यांचा मुलगा हेमंत त्याच कंपनीत इंजिनियर झाला होता.

"चल," विश्रामराव हात पुसत म्हणाले. "मी येतो गाडीत."

कोयनानगरला बॅटरी पूर्ण भरली. पाटणहून चिपळूणच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी बस भरली होती. पुढच्या सीटवर धोतरातले एक म्हातारे गृहस्थ होते. विश्रामराव सगळ्यात मागे बसले. कुंभार्ली घाटाची उतरण सुरू झाली, तशी स्वरूपाने सगळ्या काचा खाली करायला लावल्या. पहिलं वळण आलं. तिने ब्रेकवर हलकेच पाय ठेवला.

"आली," ती ओरडली.

विश्रामरावांनी डोळे मिटले. टायरांचा आवाज, मोटरची गुणगुण, दरीतून वर येणारा वारा. स्प्रिंगांमध्ये काही नव्हतं. बुश ठणठणीत होते. त्यांना गाडी आरपार ऐकू येत होती आणि ती निरोगी होती.

"काही नाही गं."

"काका, आत्ता वाजतेय. आत्ता!" मग तिने आरशात पाहून मोठ्याने विचारलं, "कुणाला शीळ ऐकू येतेय का? ज्यांना येतेय त्यांनी हात वर करा."

मुलांनी इकडेतिकडे पाहिलं. एक हात वर झाला. मग तीन. मग जवळजवळ सगळेच. एका मुलीने तर कानात बोट घातलं होतं. पुढच्या सीटवरचे म्हातारे गृहस्थ मात्र मागे वळून म्हणाले, "कसली शीळ?"

त्या बसमध्ये हात खाली असलेले दोघेच होते. ते गृहस्थ आणि विश्राम खेतले.

गॅरेजमध्ये परतल्यावर स्वरूपा थोडी घुटमळली. "काका, राग मानू नका. एकदा कान तपासून घ्या."

"या कानांवर राज्यातल्या गाड्या चालतात, पोरी," ते चिडून म्हणाले.

"म्हणून तर म्हणतेय."

दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोला म्हणाले, "रजनी, कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ." रजनीताईंनी काही न विचारता चप्पल घातली.

डॉक्टर समीना परकर यांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. विश्रामरावांनी मन लावून दाबलं. मध्येच एक लांबलचक शांतता गेली. त्यांना वाटलं, डॉक्टरांना फोन आला असेल.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी पडद्यावर आलेख दाखवला. रेघ डावीकडून सरळ चालत आली होती आणि एका जागी कोसळून पुन्हा थोडी वर चढली होती.

"खालचे आवाज तुम्हाला फार छान येतात, काका. तिशीतल्या माणसासारखे. पण इथे, सेकंदाला चार हजार ते सहा हजार कंपनं, हा पट्टा जवळजवळ गेलाय. कानाच्या आत शंखासारखी नळी असते, तिच्यात केसांसारख्या पेशी. हातोड्याचे दणके, कॉम्प्रेसर, ग्राइंडर यांनी नेमक्या या जागेच्या पेशी आधी मरतात. पुन्हा उगवत नाहीत."

"पण मला तर सगळं ऐकू येतं."

"येतं ते तुम्हाला कळतं. जे येत नाही ते कळणार कसं? स, श, फ यांसारख्या अक्षरांचा बराचसा आवाज याच पट्ट्यात किंवा त्याच्या वर असतो. समोरच्याचं बोलणं तुम्ही अंदाजाने पूर्ण करता. बायकांच्या बारीक आवाजात ते आणखी अवघड जातं."

रजनीताई शेजारीच बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "कधीपासून असेल हे?"

"वीस-पंचवीस वर्षं तरी."

"मी वीस वर्षं समजत होते, हे माझ्याकडे लक्ष देत नाहीत."

विश्रामरावांनी बायकोकडे पाहिलं. किती वेळा तिने स्वयंपाकघरातून काही सांगितलं असेल आणि आपण पेपर वाचत बसलो असू. किती वेळा ती न बोलता निघून गेली असेल.

"डॉक्टर," शेवटी ते म्हणाले, "तेरा वर्षांपूर्वी मी एक काम केलं होतं. आवाज ऐकण्याचं. तेव्हा हा खड्डा होता?"

"इतका खोल खड्डा दहा-पंधरा वर्षांत पडत नाही. तेव्हाही होता. आता जरा रुंद झाला असेल, एवढंच."

रिक्षात रजनीताईंनी त्यांचा हात धरला आणि त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या, "यापुढे मी समोर येऊन बोलेन. तुम्ही फक्त 'हो हो' म्हणू नका. नाही कळलं तर विचारा."

"विचारेन," विश्रामराव म्हणाले. पण त्यांचं मन दुसरीकडे धावत होतं. ते पाचही जण आयुष्यभर हातोडा आणि कॉम्प्रेसरच्या शेजारी उभे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हेमंतला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"बाबा, कर्णिकेला चाळीस हजार कंपनांपर्यंत ऐकू येतं," हेमंत म्हणाला. "तुमच्या कानाचा आणि तिच्या कानाचा संबंध नाही."

"तिला ऐकू येतं रे. पण लक्ष कशाकडे द्यायचं ते आम्ही शिकवलं. समज, शीळ घालणारी गाडी आमच्यापुढे वाजली. आम्ही काय म्हणणार? निर्दोष. आणि ज्या गाडीला आम्ही निर्दोष म्हटलं, ती तुम्ही कधी उघडलीत?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. या वेळी ती खरीच शांतता आहे ना, अशी विश्रामरावांना शंका आली. "हेमंत?"

"आहे, बाबा." त्याचा आवाज बदलला होता. "कर्णिकेत पहिल्या पायरीला एक गाळणी आहे. येणारा आवाज इतका प्रचंड असतो, की सगळा तपासणं परवडत नाही. म्हणून ज्या पट्ट्यात तुमच्या नोंदींमध्ये कधीच दोष निघाला नाही, तो पट्टा वाऱ्याचा आवाज समजून टाकून दिला जातो. चार ते सहा हजारांच्या मधला बराचसा भाग त्यात जातो. आम्हाला वाटायचं, तिथे काही नसतंच."

"ही गाळणी कोण सांभाळतं?"

"मी. सहा वर्षं."

विश्रामरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा, नुसत्या आलेखावर कंपनी ऐकणार नाही. मी जाऊन सांगितलं तर म्हणतील, वडिलांचं वय झालं, मुलगा हळवा झाला. उघडलेलं चाक पाहिजे. आत दोष पाहिजे."

"उघडतो."

"हिरव्या गाडीचं? तुमचा परवाना जाईल!"

"घाटात गाडी जाण्यापेक्षा तो गेलेला बरा," म्हणून विश्रामरावांनी फोन ठेवला.

त्याच दुपारी त्यांनी छत्तीस नंबर जॅकवर घेतली. संस्थेचे सचिव वारे धावत आले. "खेतले, अहो हिरवी गाडी आहे ती! काय चाललंय काय?" विश्रामरावांनी उत्तर न देता पुढच्या डाव्या चाकाचं सील कापलं. पूर्वीच्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा निम्म्याहून जास्त भार पुढच्या चाकांवर यायचा, त्यामुळे दोष आधी पुढे निघायचा. हे त्यांच्या हातात भिनलेलं होतं. चाक उतरलं, पॅड बाहेर आले. त्यांनी ते उजेडात धरून पाहिले, नखाने खरवडले, ठोकून पाहिले.

पॅड नव्यासारखे होते.

सील तुटल्याचं कर्णिकेने आपोआप कळवलं होतं; दोषाची नोंद काही गेली नाही, तेव्हा सात मिनिटांत त्यांच्या फोनवर संदेश आला. परवाना स्थगित. उद्या दुपारी तपासनीस येऊन नवीन सील लावील आणि गाडी पुन्हा मार्गावर जाईल. वारे डोक्याला हात लावून म्हणाले, "चाळीस वर्षांची इभ्रत घालवलीत हो एका दुपारी."

विश्रामराव टायरांच्या थप्पीवर बसून राहिले. स्वरूपा समोर येऊन उभी राहिली. "काका, मी पुढचं चाक म्हटलंच नव्हतं."

"मग?"

"तुम्ही मला विचारलंच नाहीत."

त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. खरंच विचारलं नव्हतं. शीळ हिने ऐकली, आणि चाक आपण ठरवलं. ज्या कानाने काही ऐकलं नाही, त्याच कानाच्या भरवशावर.

"कुठून येते?" त्यांनी विचारलं.

"मागून. पण उजवीकडून की डावीकडून, ते चालवताना नाही कळत."

"उद्या सकाळी आठला ये. तपासनीस यायच्या आत."

सकाळी त्यांनी बसचा मागचा भाग उचलला. मोटर मागच्या चाकांना जोडलेली होती. ती अगदी हळू सुरू ठेवून चाकं हवेत फिरत ठेवली आणि एका फिटरला ब्रेकवर हलका पाय ठेवायला सांगितलं. मग हातभर लांबीची पोलादी सळई स्वरूपाला दिली.

"हे टोक ब्रेकच्या पकडीला टेकव, कॅलिपरला. दुसरं कानामागच्या हाडाला. दाबू नकोस, नुसतं टेकव. चाकापासून ओढणी लांब ठेव."

तिने आधी डावीकडे टेकवली. मान हलवली. मग उजवीकडे गेली आणि सळई टेकवताच दचकून मागे झाली.

"इथे! काका, कान फुटेल इतकी आहे."

विश्रामरावांनी सळई घेतली, तिथेच टेकवली. चाकाची घरघर आली, मोटरची गुणगुण आली. बाकी काही नाही. त्यांनी सळई तिला परत दिली आणि कात्री उचलली.

"खेतले, हे दुसरं सील," वारे खालच्या आवाजात म्हणाले. "आत काही नाही निघालं, तर कायमचं घरी बसाल."

"सील मी कापते," स्वरूपा म्हणाली. "मला परवानाच नाही, जाणार काय?"

"तुझी नोकरी जाईल. हो बाजूला."

त्यांनी सील कापलं, चाक उतरवलं, कॅलिपर सोडवला. बाहेरच्या बाजूचा पॅड ठीक होता. आतल्या बाजूचा त्यांनी तळहातावर घेतला. जाडी पुरेशी होती. मग त्यांनी कडेला अंगठ्याचं नख घातलं आणि जरासा दाब दिला. लोखंडी पत्र्यावरून ब्रेकचं अख्खं अस्तर, फरशी उखडावी तसं, सुटून हातात आलं. मध्ये तांबड्या गंजाचा जाड थर होता.

विश्रामरावांना सगळं उलगडलं. विजेची गाडी उतारावर मोटरनेच वेग रोखते आणि ती शक्ती बॅटरीत परत भरते. त्यामुळे मागचे ब्रेक जवळपास वापरलेच जात नाहीत. न वापरलेल्या पॅडमध्ये कोकणची दमट, खारट हवा शिरते. गंज फुगतो आणि अस्तराला पत्र्यापासून आतून सुटं करत जातो. जाडी तशीच राहते, म्हणून बाहेरून काही दिसत नाही. सुटं झालेलं अस्तर हलक्या दाबाखाली थरथरतं, तीच ती शीळ. आणि कोयनानगरला बॅटरी पूर्ण भरली, की परत आलेली शक्ती ठेवायला जागाच उरत नाही. मग घाटाच्या पहिल्या वळणांवर, भरलेल्या गाडीचा भार याच पॅडवर येतो.

"घाटात एकदम पूर्ण जोराने ब्रेक मारला असता तर?" वाऱ्यांनी विचारलं.

"अस्तर निघून गेलं असतं. लोखंडावर लोखंड. त्या चाकाला ब्रेक उरला नसता, आणि गाडी एका बाजूला ओढली गेली असती."

वारे आता स्वतःच टायरांच्या थप्पीवर बसले. "वीस माणसं बसतात हो यात," ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले.

हेमंत त्याच दुपारी पुण्याहून आला. सुटलेलं अस्तर त्याने दोन्ही हातांत घेतलं, पिशवीत घातलं, पुन्हा बाहेर काढून पाहिलं.

"चौकशी लागेल," तो म्हणाला. "तुम्हाला सगळ्यांसमोर सांगावं लागेल, की तुम्हाला ऐकू येत नव्हतं."

"सांगेन."

"आणि मला सांगावं लागेल, की मी सहा वर्षं गाळणीत काय जातंय ते एकदाही पाहिलं नाही."

"मग सांग."

हेमंतने मान डोलावली. रजनीताईंनी त्याला जेवायला वाढलं आणि त्या मुद्दाम नवऱ्याच्या समोरची खुर्ची ओढून बसल्या.

चौकशी समितीपुढे कंपनीच्या वकिलाने पहिल्याच दिवशी मुद्दा मांडला: एक माणूस बहिरा असेल, पाच नव्हेत, बाकीच्यांनी दोष ओळखलेच असते. मुद्दा वरवर बिनतोड होता. पाचांपैकी दोघं आता हयात नव्हते. सोलापूरचे इब्राहिम तांबोळी लगेच तपासणीला तयार झाले. नाशिकच्या बाबूलाल कोठुळेंनी मात्र फोन आपटला. "मी बहिरा? माझ्या कानावर कंपनी उभी राहिली!"

विश्रामराव नाशिकला गेले. कोठुळे ओसरीवर बसले होते. चहा झाला, जुन्या गोष्टी झाल्या. मग विश्रामरावांनी खिशातून फोन काढून दोघांच्या मध्ये ठेवला. हेमंतने त्यात सेकंदाला पाच हजार कंपनांचा आवाज घालून दिला होता. त्यांनी बटण दाबलं.

"लाव की," कोठुळे म्हणाले.

"लावलाय."

"कुठे? काही येत नाहीये. आवाज वाढव."

"पूर्ण वाढवलाय, बाबूलालभाऊ. मलाही येत नाहीये."

तेवढ्यात आतून कोठुळ्यांची सून कानांवर हात दाबून बाहेर आली. "अहो, तो आवाज आधी बंद करा! डोकं उठलं माझं!"

दोन म्हातारे एकमेकांकडे पाहत राहिले. कोठुळ्यांनी फोन उचलून कानाशी धरला, या कानाशी, त्या कानाशी, आणि हळूच खाली ठेवला.

"मी किती गाड्या पास केल्या असतील, विश्राम?"

"मीही तेवढ्याच केल्यात. चला तुम्ही माझ्याबरोबर."

समितीपुढे तिघांचे आलेख एकावर एक ठेवून दाखवले गेले. तीन रेघा, आणि एकाच जागी पडलेला एकच खड्डा. हेमंतने उठून आपलं निवेदन वाचलं. गाळणीने अकरा वर्षांत काय काय टाकून दिलं, ते त्याने कुणाच्याही परवानगीची वाट न पाहता काढून आणलं होतं. टाकून दिलेल्या आवाजांत तशी शीळ असलेल्या गाड्या हजारोंनी होत्या. निवेदनाचं शेवटचं वाक्य होतं, 'जबाबदारी माझी.'

समितीच्या अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांनी विश्रामरावांना पुढे बोलावलं. पुढच्या बाकांवर पत्रकार होते, मागे कंपनीचे लोक होते, आणि त्यांच्यात तेरा वर्षांपूर्वी विश्रामरावांच्या गळ्यात हार घालणारे संचालकही होते.

"खेतले, तुम्ही म्हणता त्या काळात तुम्हाला पूर्ण ऐकू येत नव्हतं. हे तुम्ही स्वखुशीने सांगताय?"

"बाई, जरा समोर बघून बोला. नीट कळलं नाही."

सभागृहात हलकं हसू उमटलं. अध्यक्ष हसल्या नाहीत. त्यांनी प्रश्न सावकाश पुन्हा विचारला.

"हो. स्वखुशीने."

"मग तुमच्या एक्केचाळीस हजार नोंदी आम्ही रद्द करायच्या का?"

विश्रामरावांनी थोडा विचार केला. "नको. त्यांत जिथे दोष म्हटलाय, तो खराच आहे. गाड्या उघडून बघितलेल्या आहेत. जिथे निर्दोष म्हटलंय, तिथे एवढंच लिहा, की या माणसाला इथपर्यंत ऐकू येत होतं. आणि पुढचं ऐकायला दुसरी माणसं बसवा. तरणी, म्हातारी, बायका, ड्रायव्हर, प्रवासी. मेकॅनिकच कशाला पाहिजेत?"

नऊ आठवडे लागले. कंपनीने आधी विरोध केला, मग मुदत मागितली, मग मान्य केलं. शीळ ओळखायला कर्णिकेला पुन्हा शिकवण्यात आलं. या वेळी ऐकायला बसलेल्या चाळीस जणांत स्वरूपा गमरे होती. प्रत्येकाच्या नोंदीबरोबर त्याच्या कानाचा आलेख जोडला गेला. हेमंतला गाळणीच्या प्रमुखपदावरून काढलं आणि त्याच चाळीस जणांच्या कामावर साधा इंजिनियर म्हणून ठेवलं. तो फोनवर वडिलांना म्हणाला, "दिवसभर माणसांशी बोलायला मिळतं, बाबा. बरं वाटतंय." विश्रामरावांचा परवाना समितीने परत दिला.

ज्या सोमवारी नवी कर्णिका सुरू झाली, त्या सकाळी एकट्या चिपळूण तालुक्यात एकतीस गाड्यांचे ठिपके लाल झाले. कुणाची मुलं शाळेत जायची खोळंबली, कुणाचे मासे गाडीत अडकले, कुणाचं लग्नाला निघालेलं वऱ्हाड रस्त्यावर उभं राहिलं. गाड्या ओढून आणून संस्थेच्या गॅरेजसमोर रांगेत लावल्या गेल्या. लोक तावातावाने बोलत होते. पहिल्या सहा गाड्या उघडून झाल्या. चारांत गंज निघाला. दोन स्वच्छ होत्या. त्या दोन्ही गाड्यांच्या मालकांनी विश्रामरावांना तोंडावर शिव्या दिल्या आणि त्यांनी त्या, ऐकू आल्या तेवढ्या, ऐकून घेतल्या.

सातवा एक टेम्पोवाला होता. तो हात कमरेवर ठेवून पुढे आला.

"तुम्हीच ना ते?" तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला. "ज्यांना ऐकू येत नाही? तुमच्यामुळे माझी गाडी उभी?"

"हो, मीच," विश्रामराव खेतले म्हणाले. "घे जॅकवर. उजवं मागचं चाक आधी काढू."